चिकन प्रक्रिया कारखान्यातील अपघात आणि "घरी लागले" हा कागद : सल्ला हवा आहे

शिये फाटा

नमस्कार. कोल्हापूर परिसरातील एका चिकन प्रक्रिया कारखान्यात मी सहा वर्षे पाळीचा सुपरवायझर आहे. कारखान्याचे आणि कोणाचेही नाव येथे देणार नाही, कारण माझे पोट त्याच दारावर आहे. गेल्या आठवड्यात जे घडले, त्याबद्दल जाणकारांनी मार्ग सांगावा म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी असा कारखाना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिवंत कोंबड्या आकड्यांना उलट्या टांगल्या जातात. पुढे कापणी, गरम पाणी, पिसे काढण्याचे यंत्र, पोट साफ करणे आणि थंड पाण्याचे हौद असे टप्पे होऊन माल कटिंग हॉलमध्ये येतो. या हॉलचे तापमान बारा अंशांच्या आसपास ठेवलेले असते आणि फरशीवर पाणी व चरबी यांचा थर कायम असतो. करी कटसाठी अख्खी कोंबडी गोल पात्याच्या कटरला द्यावी लागते. त्या पात्यावर एक पारदर्शक गार्ड आहे. तो खाली असला की नगामागे एखादा क्षण जास्त लागतो, म्हणून तो वर उचलून बांधकामाच्या तारेने बांधून ठेवलेला असतो. ती तार मी रोज पाहत होतो, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

आखाडातील शनिवार होता, रविवारच्या मालाची घाई होती. कटरवर ओडिशाहून आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा होता; तो कंत्राटदाराचा माणूस आहे आणि त्याची रोजी ५०० रुपये आहे. सव्वापाचच्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांपर्यंत गेली. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी लाल बटणावर हात मारला, पण धुण्याचे पाणी जाऊ नये म्हणून त्या बटणावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असल्याने हात घसरला आणि दुसऱ्या फटक्यात यंत्र थांबले. बोटाचा तुकडा मालाच्या क्रेटमध्ये पडला होता. तो सापडेपर्यंत मुलगा दवाखान्यात पोहोचलाही होता, आणि तुकडा तिकडे पाठवावा हे त्या गडबडीत कोणालाच सुचले नाही, मलाही नाही.

कंत्राटदाराने त्याला स्वतःच्या गाडीतून खासगी रुग्णालयात नेले आणि बिलही भरले. मात्र केसपेपरवर "घरी कोंबडी कापताना सत्तूर लागला" असे लिहून घेतले आहे. मुलाला मराठी वाचता येत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढे एक टाइप केलेला कागद आला : पंधरा हजार रुपये मिळाले, अपघात कामावर झालेला नाही, पुढे कोणतीही मागणी राहणार नाही. त्याने अजून सही केलेली नाही, तो मला विचारतो आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, माणूस कंत्राटदाराचा आहे, आपला संबंध नाही. त्याला काय सांगावे आणि मी स्वतः काय करावे?

कसबा बावडा

सही करू देऊ नका. बाकीचे वकीलसाहेब सांगतील, पण आज रात्री एवढे एक काम कराच.

टाउन हॉल

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. शिये फाटा, आपण एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत, म्हणून ते सुटे करून उत्तर देतो.

आधी त्या कागदाविषयी. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील कलम १७ प्रमाणे, कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा किंवा कमी करून घेण्याचा कोणताही करार रद्दबातल ठरतो. खरोखर तडजोड करायची असेल तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे करावी लागते, कंत्राटदाराच्या टेबलावरची सही त्यासाठी चालत नाही. म्हणजे "पुढे मागणी राहणार नाही" या ओळीला मी फारसा भीत नाही. मी भितो ते "अपघात कामावर झालेला नाही" या ओळीला आणि केसपेपरवरच्या सत्तुराला, कारण त्या ओळींमुळे हक्क कागदोपत्री शाबूत राहतो आणि अपघातच नाहीसा होतो. माझ्याकडे आलेली अशी जी प्रकरणे फसली, त्यांतील बहुतेक पहिल्या तासात दवाखान्याच्या खिडकीवर फसलेली होती.

आता मागायचे कोणाकडे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत येणाऱ्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक कामगार विम्याखाली येतो, मग तो कंत्राटदाराचा का असेना. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के अशी वर्गणी असते. कामावरच्या अपघातासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली होती हे पाहिले जात नाही. पहिल्याच दिवशी बोट गेले तरी लाभ मिळतो. उपचार मोफत असतात, हात बरा होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि पुढे वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीनुसार हयातभर मासिक लाभ मिळतो. या मुलाच्या बाबतीत दिवसाला ४५० रुपयांचे ११ टक्के धरले तर महिन्याला सुमारे दीड हजार होतात. कंत्राटदाराने नावच नोंदवले नसेल तर तो दोष कामगाराचा ठरत नाही. ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

आस्थापना विम्याखाली येतच नसेल तर १९२३ च्या कायद्याचे कोष्टक लागते. दोन्ही वाटांनी एकदम भरपाई मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. कोष्टकात अवयवागणिक टक्के ठरलेले आहेत : तर्जनी पूर्ण गेल्यास १४, तिची दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि अंगठा गेल्यास ३०. रोजी ५०० आणि २६ दिवस धरले तर वेतन १३,००० होते, त्याचे ६० टक्के म्हणजे ७,८००. पंचवीस वर्षांच्या वयाचा गुणक २१६.९१ आहे. गुणाकार १६,९१,८९८ येतो आणि त्याचे ११ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ८६ हजार रुपये. पंधरा हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास तिच्यावर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो.

"आमचा संबंध नाही" या उत्तराला कलम १२ आहे : कंत्राटदारामार्फत आपलेच नेहमीचे काम करून घेणाऱ्या मूळ मालकाला भरपाई द्यावी लागते, नंतर ती त्याने कंत्राटदाराकडून खुशाल वसूल करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने १९२३ चा आणि ईएसआयचा हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण आकारणीची रीत तीच आहे. मी जुने क्रमांक दिले, कारण पंचवीस वर्षे तेच तोंडात बसले आहेत.

आता आपल्याविषयी. कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेचे साधन काढले तर मालकाला भरपाई नाकारता येते, आणि येथे तोच बचाव येणार हे मी आजच सांगतो. म्हणून ती तार कोणी बांधली आणि कधीपासून बांधलेली होती, हा या प्रकरणाचा गाभा आहे. त्याचे उत्तर त्या मुलापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे.

दुधाळी

मी शल्यचिकित्सक आहे. केसपेपरवर आम्ही जी हकिकत लिहितो ती सांगणाऱ्याची असते, आणि सोबत आलेला माणूस आत्मविश्वासाने बोलत असेल तर रुग्णाला कोणी विचारत नाही, हा आमचा दोष मला मान्य आहे. यंत्राने झालेली जखम आणि सत्तुराची जखम यांत फरक असतो. गोल पात्याने कापलेल्या हाडाची कड आणि शेजारची त्वचा वेगळी दिसते. त्यामुळे शस्त्रक्रियेची टिपणे आणि एक्स-रे जपून ठेवावेत. जुनी नोंद खोडता येत नाही आणि खोडूही नये. मात्र रुग्णाने स्वतः जाऊन, त्याची भाषा जाणणारा माणूस सोबत घेऊन, खरी हकिकत सांगितली तर ती तारीख-वेळेसह पुढे लिहिता येते, आणि कामावरची दुखापत म्हणून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायला सांगता येते. नोंदींची प्रत मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा.

तुकड्याचे आपण लिहिलेत म्हणून सांगतो. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी खराब होतात. बर्फाची कमतरता नसलेल्या कारखान्यात ही चार वाक्ये कटरशेजारी मराठी, हिंदी आणि ओडियात लावलेली नसावीत, याचे मला वाईट वाटते.

विषयाला धरून आणखी एक. कत्तलीच्या आणि मांसाच्या कामात ब्रुसेलोसिससारखे आजार जडतात. ताप येतो-जातो, सांधे धरतात आणि महिनोन्‌महिने टायफॉइड समजून औषधे चालतात. विशेषतः शेळ्या-मेंढ्या आणि म्हशींच्या कामातील माणसांनी डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. जनावरे, त्यांची मृत शरीरे किंवा त्यांचे भाग हाताळण्याच्या कामातून जडलेला संसर्ग हा व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, म्हणजे त्यालाही अपघातासारखीच भरपाई लागू होते.

लक्ष्मीपुरी

मी या धंद्यात आहे, माझे युनिट लहान आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. कंत्राटी माणूस ठेवण्यात प्रत्येकाचा हेतू वाईट असतो असे नाही. आखाडात आणि गटारीच्या आठवड्यात मला तिप्पट हात लागतात, आणि श्रावण लागला की निम्मी माणसे नुसती बसून असतात. त्यानंतर गणपती, मग नवरात्र. बारा महिने तेवढी माणसे हजेरीवर ठेवणे मला झेपणार नाही. २०१९ मध्ये मटणाच्या दरावरून याच शहरात केवढे आंदोलन झाले ते सर्वांना आठवत असेल. किलोमागचा दर कमी व्हावा म्हणून लोक रस्त्यावर आले, पण ते मटण कापणाऱ्याच्या हातात मोजा आहे का, असे तेव्हा कोणी विचारले नाही. तरीही केसपेपर खोटा लिहिणे मला मान्य नाही. ते चुकीचेच आहे.

टाउन हॉल

लक्ष्मीपुरी, हंगामाचा मुद्दा खरा आहे आणि हंगामी माणूस घ्यायला कायद्याची आडकाठीही नाही. प्रश्न एवढाच की त्याच्या बोटाचा जबाबदार कोण. जर्मनीत २०२० च्या जूनमध्ये एका मोठ्या मांस कारखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना करोनाची लागण झाली, आणि त्यानंतर तेथे कायदाच झाला : १ जानेवारी २०२१ पासून कत्तल, कापणी आणि मांसप्रक्रिया ही कामे ठेकेदारामार्फत करून घेण्यास बंदी आली, माणूस कारखान्याच्याच हजेरीवर घ्यावा लागू लागला. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या लहान कसबी दुकानांना त्यातून वगळले. आपल्यासारख्या युनिटाची अडचण तेथील कायद्यानेही ओळखली, मोठ्यांची मात्र ऐकून घेतली नाही.

वाशी नाका

मी तीन वर्षे अशाच एका ठिकाणी ट्रिमिंग आणि पॅकिंगला होते. बोट तुटले की निदान धागा निघतो, म्हणून न तुटणाऱ्या गोष्टी लिहिते. गार मांस सोलताना पहिल्या तासाभरात बोटांची जाणीव कमी होते. सुरीची मूठ आपण घट्ट धरली आहे की सैल, हेही कळत नाही, म्हणून बाई ती गरजेपेक्षा जास्त आवळते. सुरी बोथट असेल तर आणखी आवळते. पाळीत दोनदा तरी धार लावून मिळावी असे आम्ही म्हणायचो, आणि उत्तर यायचे की धार लावायला माणूस नाही. सहा महिन्यांनी रात्री हात मुंग्यांनी भरून जाग यायची. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, आणि हात झटकला की तात्पुरते बरे वाटायचे. डॉक्टरांनी मनगटातली नस दबली असे सांगितले. सकाळी भाकरी थापता येईना तेव्हा काम सोडले. त्याचा ना कागद झाला, ना अपघात.

शौचालयाला जायचे तर एप्रन, बाह्या, हातमोजे आणि गमबूट उतरवायचे, परत येताना सगळे धुऊन पुन्हा चढवायचे. लाइन तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून आम्ही बायका पाळीत पाणीच पीत नव्हतो. वर्षाला वैद्यकीय दाखला मात्र न चुकता निघायचा, कारण अन्न परवान्याला तो लागतो. तो दाखला खाणाऱ्यासाठी असतो, आमचे मनगट कोणी कधी हातात धरून पाहिले नाही.

उद्यमनगरकर

ताई, आपण लिहिलेत ते वाचून फाउंड्रीतले आमचे दिवस आठवले, पण विषयावरच राहतो. मी फिटर आहे. गार्ड तारेने बांधता येतो याचा अर्थ त्याला इंटरलॉक नाही, किंवा असलेला बायपास केला आहे. इंटरलॉक असता तर गार्ड उचलताच मोटर बंद पडली असती. शिये फाटा दादांनी कंट्रोल पॅनेल उघडून पाहावे. स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडलेला दिसला तर त्याचा फोटो घ्यावा.

अशा वेळी लोक घाईने स्टीलच्या जाळीचे हातमोजे आणतात, म्हणून आधीच सांगतो. तो मोजा सुरीच्या कामात, सुरी न धरलेल्या हातासाठी उत्तम. फिरत्या पात्यावर किंवा बँडसॉवर तो घालू नये. दाते जाळीत अडकले की बोटाऐवजी पूर्ण पंजा आत ओढला जातो. तेथे गार्ड आणि माल पुढे सरकवण्यासाठी ढकलणी, एवढेच कामाचे.

मागचे दार उघडे असते का, तेही पाहावे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट या गावी ३ सप्टेंबर १९९१ रोजी चिकनच्या कारखान्यात तेलाची आग लागली आणि २५ माणसे गेली, कारण बाहेरची दारे कुलूपबंद होती. चोरी होते म्हणून कुलपे होती असे मालकाकडून सांगितले गेले. अकरा वर्षांत तेथे एकदाही सुरक्षा तपासणी झालेली नव्हती. कोंबड्या चोरीला जातात हे कारण मी आपल्याकडेही ऐकलेले आहे.

शिये फाटा

सर्वांचे आभार. मागच्या दाराला आमच्याकडेही कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे असते, हे वाचताना अंगावर काटा आला.

चार दिवसांत जे झाले ते लिहितो. सही केलेली नाही. मुलाच्या खोलीत राहणारा त्याच्या गावचा एक जण चांगले हिंदी बोलतो, त्याला घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टर सुरुवातीला टाळत होते. लेखी अर्ज पुढे ठेवल्यावर आणि ७२ तासांचा उल्लेख केल्यावर त्यांनी मुलाची हकिकत नव्याने लिहून घेतली आणि प्रतही दिली. आता त्या केसपेपरवर सत्तूर आणि कटर दोन्ही आहेत, एका पानाच्या अंतराने.

ईएसआयचे पाहिले तर गंमतच निघाली. कंत्राटदाराने त्याचे नाव नोंदवले आहे, पण नोंदणी अपघाताच्या दिवशी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर झालेली आहे आणि कामावर रुजू झाल्याची तारीखही तीच दाखवली आहे. आमच्या गेटवरच्या थंब मशीनमध्ये मात्र त्याची हजेरी आधीच्या सात आठवड्यांची आहे. त्या हजेरीचा छापील कागद माझ्याकडे आहे, कारण पाळीची माणसे मीच मोजतो.

तारेविषयी मी लेखी निवेदन दिले : ती गेल्या दिवाळीपासून बांधलेली आहे, लाइनचा वेग वाढवण्याच्या सूचनेनंतर बांधली गेली, आणि मी ती पाहूनही काढली नाही. शेवटचे वाक्य लिहावे की नाही यावर दोन रात्री गेल्या. वकीलसाहेब फोनवर म्हणाले की त्या वाक्यामुळेच आधीच्या दोन वाक्यांवर विश्वास बसेल. माझी पाळी कालपासून रात्रीची झाली आहे. कारण विचारले नाही.

टाउन हॉल

दुखापतीमुळे कामगार ४८ तासांहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ती गेली आहे का, हे आधी पाहा. गेली नसेल तर तक्रार मुलाच्या नावाने जाऊ दे, आपल्या नव्हे. तपासणीला येणारा अधिकारी तक्रारदाराचे नाव सांगत नाही, पण कारखाना लहान असला की अंदाज बांधायला वेळ लागत नाही.

शिये फाटा

सूचना गेलेली नव्हती. मुलाच्या अंगठ्याने अर्ज दिला, सही त्याला अजून करता येत नाही. उजवाच हात आहे.

काल गार्ड बसवला. या वेळी तारेऐवजी बोल्ट आहेत, पण इंटरलॉकचा स्विच अजून आलेला नाही. लाल बटणावरची पिशवी तशीच होती, ती मी पाळी संपताना सोडवून खिशात घातली.

उद्यमनगरकर

दादा, पिशवी काढलीत ते बरे झाले, पण तुमच्याकडे रोज दाबाच्या पाण्याने धुतात, त्यामुळे साधे बटण महिन्याभरात आतून गंजेल, मग कोणीतरी दुसरी पिशवी बांधेल. धुलाईच्या जागेसाठी आयपी ६९के दर्जाचे बटण मिळते, तेच मागवायला सांगा. मागणीपत्र लेखी द्या, आणि त्याची पोच घ्या.